एका चुलीचं घर

माझ्यावर सगळ्यांत मोठं ऋण कोणाचं, असं विचारलं तर आईवडिलांचं नाव घ्यायची रीत आहे. मी शालिनी दाणी मॅडमचं नाव घेतो. आईला ते ठाऊक आहे आणि तिची तक्रार नाही. ती म्हणते, "जन्म आम्ही देल्ला, माणूस मॅडमनं केला."

मॅडम आता जबलपुरात नाहीत. हयात आहेत, म्हणून हा मृत्युलेख नाही. त्यांना जावं लागलं. का जावं लागलं हे जबलपूरच्या रांझी भागातल्या आमच्या गल्लीला नीट माहीत आहे, आणि तरी कोणी मोठ्यानं बोलत नाही. म्हणून मी लिहायला बसलो. मला लिहिण्याची सवय नाही. रागाची मात्र झाली आहे.

आमची शाळा हिंदी माध्यमाची. मॅडम तिथे इंग्रजी शिकवायच्या. उंच, सुती साडी, मनगटावर वडिलांचं जुनं घड्याळ, ते सैल म्हणून सारखं कोपराकडे घसरायचं. शेजारच्या फॅक्टरीचा भोंगा वाजला की त्या वाक्य जिथं असेल तिथं थांबायच्या, आणि भोंगा संपला की नेमक्या त्याच शब्दापासून पुढे सुरू करायच्या. रविवारी सकाळी गल्लीतल्या मराठी पोरांना ओसरीवर बसवून मराठी वाचायला लावायच्या. आम्हा सगळ्यांच्या घरात मराठी होती, पण ती बोलण्यापुरती. हे मी मराठीत लिहू शकतो आहे तेही त्यांच्यामुळे. पोरगं पाच वर्षांचं असो की पंधरा, त्या "या राजेहो, बसा" असंच म्हणायच्या. आणि दर रविवारी, काही ना काही निमित्तानं, त्यांचं एक वाक्य यायचंच : "खरं सांग, मग बरं सांग."

म्हणजे आधी जे आहे ते सांगायचं. ते गोड कसं करायचं हा विचार त्याच्यानंतर. उलटं करायचं नाही.

हे नुसतं बोलणं नव्हतं. मी नववीत असताना तपासणीला साहेब आले. वर्गात शिरून त्यांनी मॅडमना विचारलं, "मैडम, स्कूल में लाइब्रेरी तो है ना?" हेडमास्तर मागे उभे राहून जोरजोरानं मान हलवत होते. मॅडम म्हणाल्या, "एक अलमारी है सर. ताला लगा है. चाबी आपके पीछे खड़ी है." साहेबांनी मागे वळून पाहिलं. आम्ही बाकाखाली तोंड घालून हसलो. पुढच्या सत्रात मॅडमना पहिलीचा वर्ग मिळाला. त्या पहिलीलाही तितक्याच आनंदानं गेल्या. पण कपाट उघडलं. मी त्यातलं पहिलं पुस्तक घरी नेलं तेव्हा त्याला वाळवीचा वास होता.

दहावीनंतर वडिलांनी मला फॅक्टरीत अप्रेंटिस लावायचं ठरवलं होतं. वडील तिथेच कामगार. मॅडम घरी आल्या, खाटेवर बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, याला कॉलेजात पाठवा."

"कॉलेज करून काय करल मॅडम? शेवटी इथंच येईल."

"येऊ द्या ना. पण मग स्वतःच्या पायानं येईल. खरं सांगा भाऊ, भीती कशाची वाटते?"

 वडील म्हणाले, "शिकलेल्या पोराले बापाची लाज वाटते जी."

मॅडमनी हे हसण्यावारी नेलं नाही. त्या माझ्याकडे वळल्या. "ऐकलं का राजेहो? ज्या दिवशी लाज वाटेल त्या दिवशी आधी माझ्याकडे यायचं. कान मी पिळणार." मग चहा प्यायल्या आणि निघाल्या. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला पहिला माणूस मी, तो त्या खाटेवरच्या चहामुळे.

मॅडमच्या घरात ब्रिजिड राहायच्या. आयर्लंडच्या. जबलपुरात अपंग मुलांच्या एका संस्थेत व्यायामाचे उपचार शिकवायला आल्या होत्या. गल्लीनं त्यांची बृजीताई केली. गोऱ्या, ठेंगण्या, उन्हानं कायम लाल झालेल्या. मराठी त्या मॅडमकडून नाही, आमच्या आया-मावश्यांकडून नळावर शिकल्या, त्यामुळे त्यांची मराठी अस्सल नागपुरी होती. "काहून जी वहिनी, आज पाणी नाही येऊन राहिलं?" असं ही गोरी बाई बोलली की नवा दूधवाला सायकलवरून पडायच्या बेतात यायचा. मॅडम वैतागायच्या. "अगं, 'येऊन राहिलं' नाही, 'येत नाही' म्हण."

"सगळी गल्ली म्हणून राहिली शालू. तूच एकटी नाही म्हणून राहिली."

त्या दोघी कोण होत्या एकमेकींच्या, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि सांगावं लागलंही नाही. एक स्वयंपाकघर, एक स्कूटी, एकमेकींचं बोलणं अर्ध्यात तोडायची हक्काची सवय. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बिनलग्नाच्या बाईला बोलवत नाहीत. माझी आई दोघींना बोलवायची. एका वर्षी नागपूरहून आलेल्या म्हाताऱ्या मावशीनं विचारलं, "ह्या दोघींचं लगन झालं काय वं?" आईनं दोघींच्या कपाळाला कुंकू लावलं आणि म्हणाली, "झालं असं समजा मावशी. घ्या, तिळगूळ खा."

एका उन्हाळ्याच्या सुट्टीत दोघी आयर्लंडला गेल्या. तिथं तसं लग्न कायद्यानं होतं. परत आल्या तेव्हा मॅडमच्या बोटात साधी अंगठी होती. त्या बड़ा फुहाऱ्याच्या बाजारातून खव्याची जिलबी घेऊन आल्या आणि घराघरात वाटली. कशाची जिलबी, कोणी विचारलं नाही. सगळ्यांनी खाल्ली, बोटं चाटली, "छान आहे" म्हटलं.

झाकली मूठ सव्वा लाखाची. ही आमच्या गल्लीची रीत. सगळं माहीत असतं, बोलायचं काही नसतं. मला तेव्हा ती माणुसकी वाटायची. अजूनही अर्धी वाटते.

मग त्या संस्थेनं परदेशी माणसं ठेवणं बंद केलं. बृजीताईंचा नोकरीचा व्हिसा गेला. आता इथं राहायचं तर कोणत्या नात्यानं? इथूनच माझा राग सुरू होतो.

बड़ा फुहाऱ्यावरच्या एका कापडवाल्याच्या मुलानं परदेशी मुलीशी लग्न केलं. दोघांची ओळख मोबाइलवर झालेली. लग्नाचा दाखला जोडला, बायको म्हणून व्हिसा मिळाला, मोहल्ल्यात बँड वाजला. चांगलं झालं, मला त्यांच्याबद्दल काही म्हणायचं नाही. पण मॅडमकडेही लग्नाचा दाखला होता. खरा, सही-शिक्क्याचा. त्यावर दोन बायकांची नावं होती म्हणून आपल्या देशात त्याची किंमत जिलबीच्या कागदाइतकीही नाही. बृजीताईंना प्रवासी म्हणून यावं लागे. मुदत संपली की बाहेर जायचं, पुन्हा अर्ज करायचा, पुन्हा यायचं. ज्या बाईनं रांझीतल्या नळावर भांडणं सोडवली, ती दर वेळी कागदावर ताजमहाल बघायला आलेली पाहुणी.

मोठ्या न्यायालयाचा निकाल आला त्या दिवशी मी मॅडमच्या घरी होतो. टीव्हीवर सांगत होते की असा लग्नाचा हक्क देणं न्यायालयाचं काम नाही, कायदे करणाऱ्यांचं आहे. कायदे करणारे आधीच म्हणत होते की त्यांना तो करायचा नाही. मॅडमनी टीव्ही बंद केला. "म्हणजे आपण दारात उभं राहायचं, आणि आतले दोघं एकमेकांकडे बोट दाखवणार." मग मला म्हणाल्या, "राजेहो, भजी खाणार?"

तोवर मॅडमना पार्किन्सन झाला होता. आधी हात कापायला लागला, मग चालणं अडायला लागलं. उंबऱ्याशी आल्या की पाय जमिनीला चिकटायचे. मन पुढे, पाय तिथेच. बृजीताईंनी त्यावर उपाय काढला होता : टाळ्या. ठेक्यात टाळ्या वाजवायच्या, मॅडम त्या ठेक्यावर पाय उचलायच्या. संध्याकाळी दोघी गल्लीत निघायच्या, एक चालायची, दुसरी मागून टाळ्या वाजवायची. पोरंही वाजवायची. आईही पोळ्या लाटता लाटता खिडकीतून ठेका धरायची. बृजीताई असल्या की मॅडम कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत जाऊन यायच्या. व्हिसा संपून त्या गेल्या की मॅडम पुन्हा खुर्चीत. कामाला बाई होती, तिनंही टाळ्या वाजवून पाहिल्या. जमलं नाही. कुठे जलद करायचं, कुठे थांबायचं, ते बृजीताईंनाच कळायचं. एकदा त्या तिकडे असताना मॅडम मोरीच्या दारात पडल्या आणि सकाळी दूधवाला येईपर्यंत तशाच होत्या.

नागपूरहून मॅडमचे भाऊ आले. चांगला माणूस, बहिणीवर जीव. त्यांनी तोडगा आणला होता. "शालू, आमचा बंटी आहे ना, त्याचा घटस्फोट झालेलाच आहे. त्याचं अन् ब्रिजिडचं कोर्टात लग्न लावून देऊ. फक्त कागदावर. ती सून म्हणून इथं राहील. कोण विचारतं?"

बृजीताई म्हणाल्या, "बंटी माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहे नं जी."

"तेवढं चालतं हो."

मॅडम बराच वेळ हसल्या. इतक्या की हातातला कप हिंदकळला. मग एकदम थांबल्या. "म्हणजे दादा, माझं खरं लग्न चालत नाही. बंटीचं खोटं चालतं. आणि सरकार फसलं तर ते कायदेशीर." भाऊ म्हणाले, "अगं, मी तुझ्या भल्यासाठीच..." "ठाऊक आहे. जेवून जा. पण हे पुन्हा बोलू नको."

मी चिडून म्हणालो होतो, मॅडम, करून टाका, सगळे करतात. त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी दहावीतला झालो.

शेवटी त्यांनी बृजीताईंना इथं राहू द्यावं असा सरळ अर्ज केला. परदेशी लोकांची नोंद होते त्या कार्यालयात मी त्यांना घेऊन गेलो. बाबूनं वाचलं आणि विचारलं, "मैडम, यहाँ रिश्ते में पत्नी लिखा है. किसकी पत्नी?"

"मेरी."

शेजारच्या टेबलावरचा खुदकन हसला. बाबू हसला नाही. त्यानं चष्मा काढला. "देखिए मैडम, नियम में ये रिश्ता है नहीं. पर आपकी बीमारी है, उम्र है. साहब चाहें तो इंसानियत के नाते ऊपर सिफ़ारिश भेज सकते हैं, कि दोनों एक परिवार की तरह रहती हैं, इनके बिना इनका चलेगा नहीं. मोहल्ले में पूछताछ होगी. मोहल्ले वालों को पहले से बता दीजिएगा."

बाहेर येताच मी म्हणालो, "मॅडम, आज संध्याकाळीच सगळ्यांना सांगून ठेवू."

"काय सांगायचं?"

"काय बोलायचं ते."

"मी पोपट पढवत नाही राजेहो. इतकी वर्षं ही माणसं बघून राहिली आहेत. बघितलं ते सांगतील." रागात मॅडमचीही मराठी आमच्यासारखी व्हायची.

चौकशीला हवालदार आला तेव्हा मी सदर बाजारात गेलो होतो. त्यानं पहिलं दार आमचंच वाजवलं. आईनं त्याला बसवलं, पोहे केले, चहा दिला. संध्याकाळी ती मॅडमच्या ओसरीवर जाऊन उत्साहानं सांगत होती. मी तिथंच होतो.

"मी एकदम बराबर सांगितलं मॅडम. तो विचारे, ये अंग्रेज मैडम इनकी क्या लगती हैं? म्या म्हटलं, कुछ नहीं लगतीं जी. सहेली हैं. किराये से रहती हैं, बहुत शरीफ. तो म्हणे, खाना-पीना एक में है? म्या म्हटलं, अरे नहीं जी, दोनों का चूल्हा अलग है. समोरच्या गुप्ताइनीलेही बोलावून तेच सांगायले लावलं. तुमच्या नावाले धक्का नाही लागू देल्ला."

बृजीताईंच्या हातातलं भांडं तसंच राहिलं.

 मॅडम हळू म्हणाल्या, "वहिनी, आमची दुसरी चूल कुठं आहे?"

आईला कळेना. "तसं नाही जी, पोलीस आला होता म्हणून..."

"हळदीकुंकवाला दोघींना बोलावलं तुम्ही. जिलबी खाल्ली. टाळ्या वाजवल्या. आणि एका माणसानं विचारलं तर चूल वेगळी?" आवाज चढला. मॅडमचा चढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "माझं नाव झाकायला मी कोणाला सांगितलं होतं? मी काय चोरी केली?"

आई रडायला लागली. बृजीताई उठल्या, आईच्या शेजारी बसल्या. "राहू द्या वहिनी. तुम्ही चांगल्यासाठीच बोलल्या." आणि मॅडमकडे पाहून म्हणाल्या, "शालू, तू काहून नाही सांगितलं यांना? एक शब्द सांगायचा होता. तुला वाटते सगळे तुझ्या वर्गात बसले आहेत."

मॅडम गप्प झाल्या. त्यांना गप्प करू शकणारं माणूस जगात ते एकच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई लग्नातली साडी नेसून तयार. आयुष्यात ती कुठल्या सरकारी कार्यालयात गेली नव्हती. "चल, मले तिथं घेऊन चल." बाबूच्या टेबलासमोर उभी राहून ती म्हणाली, "साहब, कल मैंने झूठ बोला. चूल्हा एक है. पति-पत्नी जैसे रहते हैं वैसे रहती हैं. पूरा मोहल्ला जानता है. लिख लो."

बाबूनं तिला खुर्ची दिली. "माताजी, रिपोर्ट तो ऊपर चली गई."

"तो नीचे बुला लो."

"ऐसा होता नहीं. और एक बात बोलूँ, आप सच बोलतीं तब भी मैं सिर्फ़ सिफ़ारिश लिखता. मानना उनके हाथ में था. क़ानून में ये घर है ही नहीं."

आईनं विचारलं, "तो ये मेरे झूठ से गया कि आपके क़ानून से?"

 बाबूनं आईसाठी पाणी मागवलं. मी त्याच्यावर रागावू पाहत होतो आणि रागावता येत नव्हतं, याचाच मला जास्त राग आला.

अर्ज नामंजूर झाला. संबंध सिद्ध होत नाही, एवढंच त्यात होतं. कोणता संबंध सिद्ध होत नाही? मोरीच्या दारात पडलेल्या बाईला विचारा. आमच्या गल्लीतल्या घरांत नवरे बायकांना मारत आले, सोडून गेले, तिसऱ्या घरात जाऊन राहिले, त्यांचे संबंध सिद्ध आहेत. आणि आम्ही, गल्लीतले चांगले लोक, आम्हीही सुटत नाही. सरकारनं त्या घराला जागा दिली नाही, आणि आम्ही आयुष्यभर प्रेमानं त्यावर पदर टाकला. विचारायला माणूस आला तेव्हा पदराखाली काही उरलंच नव्हतं.

तिकडच्या कायद्यात मात्र ते घर होतं. बृजीताईंची बायको म्हणून मॅडमना आयर्लंडचा परवाना मिळाला. रांझी सोडून कुठं मरणार नाही असं म्हणणाऱ्या, गावकुसाबाहेरची भाजीही न आवडणाऱ्या मॅडम ज्या देशात ऊन पडलं की बातमी होते तिकडे निघाल्या. घर विकलं. ओसरीवरचा फळा मला दिला.

स्टेशनवर दिल्लीच्या गाडीला गल्ली आली होती. गुप्ताइन पुऱ्या घेऊन आली होती. मॅडम डब्याच्या दारापर्यंत नीट चालत आल्या आणि तिथं पाय अडले. फलाट आणि पायरी यांच्यामधली फट त्या पाहत होत्या. मागून लोक ओरडायला लागले, "अरे अम्मा, चढ़ो ना!" बृजीताई आधीच वर चढून सामान लावत होत्या, गर्दीत त्यांना मागे फिरता येईना.

तेव्हा आईनं टाळी वाजवली. एक. मग दुसरी. खिडकीतून पाहून पाहून तिला तो ठेका आला होता. गुप्ताइननं पुऱ्यांचा डबा खाली ठेवला आणि तीही वाजवायला लागली. मग सगळी गल्ली. कुली थांबून पाहत होते. मॅडमनी डावा पाय उचलला, मग उजवा, आणि वर चढल्या. दारात उभ्या राहून त्यांनी आईकडे पाहिलं. काही म्हणाल्या, पण गाडीच्या शिट्टीत ऐकू आलं नाही. वाक्य शिट्टीनंतर तिथून पुढे सुरू होईल म्हणून मी वाट पाहिली. गाडी सुटली.

त्यानंतर मी त्यांना हे पत्र पाठवलं.

"आदरणीय मॅडम, सा. न.

गल्ली ठीक आहे. तुमच्या घरात नवं कुटुंब आलं आहे, नवरा-बायको, रोज भांडतात. त्यांना कोणी काही सिद्ध करायला सांगत नाही.

संक्रांतीला आईनं हळदीकुंकू केलं. नागपूरची मावशी आली होती. तिनं विचारलं, ती मास्तरीण दिसत नाही यंदा? आई सगळ्यांसमोर म्हणाली, 'ती आपल्या बायकोजवळ गेली. इथं राहू देल्लं नाही.'  दोघीतिघी उठून गेल्या. आईनं उरलेल्यांना तिळगूळ दिला. रात्री मला म्हणाली, पहिले सांगाले पाह्यजे होतं.

बाबा विचारतात, तिकडे थंडी किती. आई विचारते, दारं किती आहेत घराला, आणि बृजीताई बाजारात गेल्या तर टाळ्या कोण वाजवते?

मॅडम, तुम्ही शिकवलंत आधी खरं सांग, मग बरं सांग. खरं हे आहे की मला फार राग आहे. कार्यालयाचा आहे, कायद्याचा आहे, आमचा आहे, आणि थोडा तुमचाही आहे. तुम्ही आम्हाला एक शब्द सांगायला हवा होता.

बरं अजून काही सुचलेलं नाही.

तुमचा विद्यार्थी,
प्रवीण"